उपकारस्तुती कोणाची?

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात नाताळची गाणी म्हणायला आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सात बायका आणि तरुण संघाची चार मुले गेलो होतो. आधी पत्रव्यवहार, मग फाटकावर ओळखपत्रे, नोंदवहीत सह्या, मोबाइल जमा. हे सगळे उरकून वॉर्डात पाऊल टाकेपर्यंत अकरा वाजले. मी कल्याणहून निघालेली, पुढे सीएसएमटीहून बसने, हातात दोन जड पिशव्या. शेवटून दुसऱ्या खाटेवर माण तालुक्यातला नाईक हुद्द्याचा एक जवान होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस. उजव्या पायाला गुडघ्याखाली बाहेरून लोखंडी कड्या, त्यांतून हाडात शिरलेल्या तारा. मी त्याच्या टेबलावर भेट ठेवली: केकचा तुकडा, दोन संत्री, मुलांनी रंगवलेले शुभेच्छापत्र. तोंडात नेहमीचे वाक्य तयार होते. ते बाहेर पडायच्या आत तोच म्हणाला, "मावशी, आधी बसा. पाणी घ्या."

तांब्या त्याच्या डाव्या हाताला, जरा मागे होता. पाय जागचा न हलवता तो कमरेतून वळला, तांब्या उचलला, पेला पुसला, पाणी ओतले. मी हात पुढे केला तर "राहू द्या, देतो मी," म्हणाला. त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी नुसती उभी होते. मग बसले. "कुठनं आलाय?" "कल्याणहून." "एवढ्या लांबनं? आमच्यासाठी?" आम्हीच दिलेले संत्रे त्याने सोलले, पांढऱ्या शिरा काढल्या आणि अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. त्या खाटेपाशी यजमान तो होता आणि पाहुणी मी.

जानेवारीत वार्षिक सभेसाठी भगिनी मंडळाचा अहवाल लिहायला बसले. अकरा वर्षे मीच तो लिहिते. दरवर्षी एक वाक्य असते: लष्करी रुग्णालयात भेट दिली, इतक्या रुग्णांना नाताळची भेट वाटली, सर्वांनी आपले आभार मानले. आकडा तेवढा बदलतो. या वेळी शेवटच्या तीन शब्दांवर पेन अडले. त्यांनी आपले आभार मानले हे खरेच. पण आपण त्यांचे मानले का? आणि मानायचे म्हटले तर अकरा वर्षांतल्या किती जणांची नावे मला सांगता येतील? या वर्षीचा तो एक सोडला तर एकाचेही नाही.

म्हणून हा लेख. सैनिकांमध्ये ख्रिस्ती सेवा करणारे पाद्री असोत, रुग्णालयात जाणारी आमच्यासारखी मंडळे असोत, की निवृत्त जवानांच्या घरी जाणारे पाळक असोत, आपण ज्यांची सेवा केली त्यांचे आभार आपण मानले पाहिजेत. तेही नावानिशी, देवापुढे आणि वर्षभर. आज आपल्या मंडळ्यांत हे होत नाही, आणि ते होत नाही म्हणून आपल्या सेवेत एक खोट शिरली आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, उपकारस्तुती. बाहेरच्या मराठीत तो फारसा ऐकू येत नाही. आपल्या मंडळ्यांत लहान पोरांच्याही तोंडी असतो. मोसमाच्या पहिल्या पिकाची उपकारस्तुती, दुखण्यातून उठल्याची उपकारस्तुती, मुलाला नोकरी लागल्याची उपकारस्तुती. स्तुती देवाची करायची, पण उपकार कोणाच्या हातून आले तेही त्यात मोजायचे, अशी जुन्या माणसांची रीत होती. माझी आजी उपकारस्तुतीच्या पाकिटावर दाईचे नावसुद्धा लिहायची. सैनिकांच्या बाबतीत मात्र आपण उपकाराची दिशाच उलटी धरली आहे. देणारे आपण आणि घेणारे ते, असे आपण मानून चाललो आहोत.

याला आपली प्रवचनेही जबाबदार आहेत. उपकारस्तुतीच्या रविवारी हमखास दहा कुष्ठरोग्यांचा उतारा निघतो. दहा बरे झाले, एकच परत आला, नऊ कृतघ्न. ऐकणाऱ्याच्या मनावर एवढेच ठसते की ज्याला मिळाले त्याने आभार मानावेत. उतारा खरा आहे आणि शिकवणही खरी आहे. पण बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रे उघडा. बहुतेक प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला तो कोणाबद्दल देवाचे आभार मानतो? ज्यांच्यात तो स्वतः राबला, ज्यांना त्याने शिकवले, त्यांच्याबद्दल. फिलिप्पैकरांना तर तो कैदेतून लिहितो आणि सांगतो की त्याच्या बेड्या कशासाठी आहेत हे पहाऱ्यावरच्या शिपायांमध्येसुद्धा ठाऊक झाले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात त्याच्यावर पहारा करणारा शिपाई त्याच्यासोबतच राहतो. सैनिकांमधली ख्रिस्ती सेवा म्हणतात तिची सुरुवात मी तिथे पाहते. एका कैद्याने आपल्या पहारेकऱ्यांमध्ये केलेली ती सेवा होती. कैद्याजवळ वाटायला पिशव्या नव्हत्या.

मंडळीने सैनिकाकडून काय घेतले याची यादी केली तर ती आपण दिलेल्यापेक्षा कितीतरी मोठी भरेल. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अंमलदार, आठवा. आपला चाकर आजारी आहे म्हणून तो निरोप धाडतो, आणि वर म्हणतो की आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही, शब्द मात्र बोला. येशूला त्याचे आश्चर्य वाटले, असे शुभवर्तमान सांगते. आमचे कॅथलिक बांधव आजही प्रत्येक मिस्सात, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी, त्याच वाक्याची प्रार्थना करतात. वसईत करतात, वांद्र्याला करतात, जगभर करतात. म्हणजे इतकी शतके भाविकांच्या ओठांवर एका परक्या सैन्यातल्या अंमलदाराचे शब्द आहेत. क्रुसाखाली उभे राहून हा खरोखर देवाचा पुत्र होता असे म्हणणाराही शताधिपतीच. पौलाला रोमला नेणारा युल्य हाही शताधिपती. त्याने वाटेत पौलाला मित्रांकडे जाऊन पाहुणचार घेऊ दिला, आणि जहाज फुटले तेव्हा कैद्यांना मारून टाकण्याचा शिपायांचा बेत हाणून पाडला. त्या प्रवासात कोणी कोणाची सेवा केली? पवित्र संस्कारासाठीचा 'साक्रामेंत' हा शब्ददेखील लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आला, त्याचा एक अर्थ रोमन सैनिकाची शपथ असा होता. आपल्या सर्वांत पवित्र गोष्टींसाठी आपण शब्द आणला तोही छावणीतून.

आणि पाद्री? लष्करातल्या पाद्र्याला इंग्रजीत चॅपलिन म्हणतात. तो शब्द एका झग्यावरून आला. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा रोमन सैन्यातला तरुण घोडेस्वार होता. आमिएँ शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणारा भिकारी पाहून त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला पांघरला. रात्री स्वप्नात त्याला येशू दिसला, तो अर्धा झगा ल्यालेला. उरलेला झगा पुढे राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. झग्याला लॅटिनमध्ये कापा म्हणत. तो सांभाळणारे ते चॅपलिन, आणि तो ठेवायची जागा ते चॅपेल. वांद्र्यातल्या सेंट मार्टिन रोडवरून शेकडो वेळा गेलेल्या माणसालाही हे सहसा ठाऊक नसते. गोष्ट सांगताना आपण मार्टिनच्या दातृत्वाशी थांबतो. मला त्यातला भिकारी महत्त्वाचा वाटतो. त्याने झगा घेतला म्हणून मार्टिनला ख्रिस्त दिसला. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

नावाचा मुद्दा मला फार लागतो, आणि त्याचे कारण कुलाब्यातच उभे आहे. नेव्हीनगरच्या वाटेवर सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचे चर्च आहे. मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. १८५८ साली त्याचे समर्पण झाले. उंच मनोरा, रंगीत काचा, आणि बाकांना बंदुका टेकवून ठेवायच्या खाचा. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. आत एक लेख आहे. त्यात म्हटले आहे की हे चर्च ज्या अधिकाऱ्यांची नावे इथल्या भिंतीवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी मोठी की अशी नोंद करणे शक्य नाही अशा कनिष्ठ हुद्देदारांच्या आणि शिपायांच्या स्मरणार्थ आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात होते, आणि भव्यतेने भारावले होते. आता वाचते तेव्हा अंगावर येतो. जानेवारी १८४२मध्ये काबूल सोडून निघालेल्या फौजेत सुमारे साडेचार हजार सैनिक होते, बहुतेक हिंदी शिपाई, आणि त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. बर्फात आणि खिंडींत त्यांची धूळधाण झाली. भिंतीवर जागा नव्हती असे कसे म्हणावे? एवढा उंच मनोरा चढवायला पैसे होते.

कंपनी सरकारची ती लढाई अन्यायाची होती हे मी मान्य करते. त्या चर्चमध्ये उपासनेला बसताना मनात काटा टोचतो, आणि टोचावा. पण ज्यांनी ते बांधले त्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. दर १५ ऑगस्टला आपल्या मंडळ्यांत काय होते? झेंडा, दोन समूहगीते, 'आमच्या शूर जवानांसाठी' एक मोघम प्रार्थना, जिलेबी. १४ ऑगस्ट २०१३ला मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला. १८ नौसैनिक आत होते, कोणी वाचले नाही. आपल्या शहरात, आपल्या बंदरात, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. त्या १८ जणांतले एक तरी नाव आमच्या मंडळीत कधी उच्चारले गेले का? गेले नाही. त्या वर्षीची प्रार्थना मीच केली होती. मीही 'शूर जवान' एवढेच म्हटले. मोजता येण्याइतके होते ते, तरी मी त्यांना त्या लेखातल्या असंख्यांत ढकलले.

माझे मामा भारतीय सेनेत धर्मगुरू होते. लष्करात पंडित, मौलवी, ग्रंथी तसे पाद्रीही भरती होतात; हुद्दा नायब सुभेदाराचा मिळतो. मामा नगर जिल्ह्यातले, मराठी शाळेत शिकलेले, आणि त्यांची पहिली नेमणूक जिथे झाली तिथे मराठी समजणारी चार माणसेही नव्हती. कसम परेडला शपथ देणे, इस्पितळातल्या फेऱ्या, सुट्टी नाकारली म्हणून कोलमडलेल्या पोराशी रात्री बोलत बसणे, मृत्यू झाला तर शेवटचा विधी आणि घरच्यांना पत्र, असे त्यांचे काम. बऱ्याच युनिटांत सर्वधर्मस्थळ असते, एकाच छताखाली सगळ्यांचे देव. मामा म्हणायचे, "सेमिनरीत मला बोलायला शिकवलं. गप्प बसायला त्या पोरांनी शिकवलं." निवृत्त होऊन ते कल्याणला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. पानोपानी नावे. हुद्दा, गाव, आणि पुढे एखादा शब्द: 'बायको बाळंत', 'वडील वारले', 'पत्ते छान खेळतो', 'रागीट', 'चपात्या शिकवल्या'. रोज पहाटे ते दोन पाने वाचायचे, प्रत्येक नावापाशी थांबून. मी एकदा विचारले, "मामा, ही सगळी तुमच्या प्रार्थनेची ओझी का?" ते म्हणाले, "ओझी कसली गं? माझी कमाई आहे ती. यांनी मला पाद्री केलं."

त्या वहीतली निम्म्याहून अधिक नावे हिंदू, शीख, मुसलमान आणि बौद्ध होती. हे सांगितले पाहिजे, कारण लष्करातल्या ख्रिस्ती सेवेचे नाव निघाले की शंका येतेच: ही धर्मांतराची खटपट तर नव्हे? शंका घेणाऱ्यावर मी रागावत नाही. खाटेला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. आपण नको असलो तरी त्याला ऐकावे लागते, वर सभ्यपणे हसावे लागते. त्याच्या या असहायतेचा फायदा घेऊन उशीखाली पत्रक सरकवणे हे पाप आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरते आहे. आमच्या गटात एकदा असा प्रयत्न झाला. मी पत्रके परत पिशवीत घालायला लावली. दोघी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. ज्याचे आपण आभार मानायला आलो त्याच्याकडून काही वसूल कसे करणार? प्रार्थना करू का, असे विचारायचे. नको म्हणाला तर क्रिकेटवर बोलायचे. आमच्या नाइकाला 'ते घंटीवालं गाणं' हवे होते. आम्ही ते तीनदा म्हटले.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि जास्त गंभीर आहे. गेथशेमानेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला लावली. मग मंडळीने सैनिकाचे आभार मानणे म्हणजे तलवारीला आशीर्वाद देणे नव्हे का? आमच्या बायबल अभ्यासात एका निवृत्त शिक्षकांनी हे विचारले तेव्हा खोलीत शांतता पसरली. मार्टिनही पुढे म्हणालाच की मी ख्रिस्ताचा शिपाई आहे, मला लढता येत नाही, आणि त्याने सैन्य सोडले. या बाजूचे वजन मी कमी करत नाही. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने त्यांना हाकलले नाही, आणि त्यांच्या मोहिमेची तारीफही केली नाही. कोणाला लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा, एवढेच सांगितले. तो पुढ्यातल्या माणसाशी बोलला. युद्धाचा निर्णय दिल्लीत होतो, अन्य राजधान्यांत होतो. माणच्या त्या पोराने तो घेतला नव्हता. त्याच्या पायातल्या तारा पाहून मला युद्ध थोर वाटू लागले नाही, उलट तिथेच ते सर्वांत नकोसे वाटले. ज्याला शांतता हवी आहे त्याने तर अशा वॉर्डात आधी जावे. पेला कोण पुसतो ते त्याला दिसेल.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, मोह आहे, आणि हल्ली तो वाढला आहे. आपल्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवले की आपण ख्रिस्ती सैनिकांची नावे पुढे करतो. अल्बर्ट एक्का, १९७१, गंगासागर, मरणोत्तर परमवीर चक्र. कारगिलमध्ये उभ्या कड्यावर बूट काढून अनवाणी चढलेले नागालँडचे कॅप्टन केंगुरूसे, महावीर चक्र. शिलाँगचे कॅप्टन क्लिफर्ड नोंग्रम, महावीर चक्र. ही माणसे इतकी मोठी आहेत की नाव घेताना मान झुकते. पण वादात ती हुकमाच्या पानासारखी टाकणे मला सहन होत नाही. एक्कांनी मशीनगनवर झेप घेतली ती पन्नास वर्षांनंतर आपल्याला प्रमाणपत्र मिळावे म्हणून नव्हे. ज्या उपासनेत 'आम्हीही देशासाठी दिले' हे शेजाऱ्याला ऐकवायचे असते, तिथे देवाचे आभार मागे राहतात. कार्यक्रमाचे फोटो वर्तमानपत्राला जातात आणि जवानाच्या आईला खुर्ची शेवटच्या रांगेत मिळते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली, तेव्हा आपल्या मंडळ्यांत घराघरांत वाद झाले. रेजिमेंटच्या धर्मस्थळात अगदी गाभाऱ्यापर्यंत जायला त्याने विवेकाचे कारण देऊन नकार दिला होता. कोणी त्याला साक्षीदार म्हटले, कोणी हटवादी. माझे मन अजून दोन्हीकडे ओढ घेते. विवेक हलका नसतो आणि शिस्तही हलकी नसते. पण त्या सगळ्या चर्चेत त्याच्या हाताखालच्या शीख जवानांबद्दल कोणी शब्द काढला नाही. ते त्याच्याकडे कसे पाहत होते, त्यांनी त्याला काय दिले, त्याने त्यांच्यासाठी काय केले? हक्क आणि नियम यांच्या खेचाखेचीत ती माणसे पुन्हा मोजण्यापलीकडची झाली. मामा असते तर त्यांनी आधी तेच विचारले असते.

दयेबद्दलही एक सांगते. 'बिचारा' हा शब्द वॉर्डात जायच्या आधी पायरीवर ठेवून जावा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. कमरेखाली संवेदना गेलेल्या सैनिकांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. अपंग सैनिकांच्या हाताला कसब देणारी क्वीन मेरी संस्थाही तिथेच, पण तिची सुरुवात १९१७ साली मुंबईत झाली होती. या शहराला ही परंपरा आहे. ती कीव करण्याची नव्हती, माणसाला त्याच्या कामाला परत लावण्याची होती.

तर मग करायचे काय? मी आमच्या मंडळीच्या समितीपुढे लेखी मागणी ठेवली आहे, इतर मंडळ्यांनीही विचार करावा. एक तर रुग्णालयाला भेट देणाऱ्या गटाने अहवालात पिशव्यांचा आकडा लिहू नये. कोण भेटले आणि त्यांनी आपल्याला काय दिले ते लिहावे, त्यांची परवानगी असेल तर नावासकट. रुग्णालयाचे आणि सुरक्षेचे नियम असतात. आडनाव, युनिट, आजार काही लिहायची गरज नाही. देवाला पहिले नाव पुरते. ही नावे मोठ्या दिवसांसाठी राखून न ठेवता साध्या रविवारच्या प्रार्थनेत घ्यावीत, आजाऱ्यांच्या आणि परीक्षार्थींच्या नावांबरोबर.

दुसरे काम कागदांचे आहे आणि मला ते प्रार्थनेइतकेच ख्रिस्ती वाटते. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९पासून. आपण डब्यात नोट टाकतो, छातीवर छोटा झेंडा टोचतो. त्याच्या आदल्या महिन्यात, नोव्हेंबरात, निवृत्त जवान आणि त्यांच्या विधवा हयातीच्या दाखल्यासाठी वणवण करत असतात. आता संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेले आहे. दाखला ऑनलाइन देता येतो, पण त्यासाठी अंगठा, बुबुळ किंवा चेहरा यंत्राने ओळखावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी आधी अंगठाच मागतात. आमच्या चाळीमागे एका हवालदाराच्या पत्नी राहतात, वय ७८. धुणीभांडी करून त्यांच्या बोटांच्या रेषाच पुसल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एका सेवा केंद्रावर त्यांचा अंगठा सहा वेळा नाकारला गेला. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, मी जिवंत आहे हे आता कुणाला दाखवू?" आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने त्यांना दुसरीकडे नेले, डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवली, काम झाले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे, कोणता अर्ज कसा भरायचा, एवढे ज्ञान असलेली दोन मुले प्रत्येक मंडळीत असली तरी नोव्हेंबर पुष्कळ हलका होईल. आणि हे करताना त्यांचे आभार मानायचे. त्या मुलीला बाईंनी तीळ घालून बाजरीची भाकरी कशी थापायची ते शिकवले. मुलगी बँकेत नोकरीला आहे, मीरा रोडला एकटी राहते. सांगते की आठवड्यातून एकदा तरी करते.

समितीत एकाने विचारले की नाव सांगायलाच कोणी तयार नसेल तर? असे होतेच. सैनिकाला बोलायला मनाई असते, कधी इच्छा नसते, आणि नाही म्हणण्याचा त्याला पुरा हक्क आहे. मी त्यांना मामांच्या वहीतले एक पान दाखवले. मामा गेले तेव्हापासून वही माझ्याकडे आहे. लेहच्या लष्करी रुग्णालयातली ती नोंद आहे, इतर नोंदींसारखीच, रेघ आखून. हुद्द्याच्या जागी काही नाही, गावाच्या जागी काही नाही. नावाच्या जागी मामांच्या उभ्या अक्षरांत लिहिले आहे: 'खिडकीकडचा. दोन बोटे गेली. नाव नाही सांगितले. स्वतःचा मोजा काढून मला दिला.' शेजारी पेन्सिलीने बारीक टिंबे आहेत, जितक्या पहाटे ते पान वाचले तितकी. मी मोजायला बसले होते, शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिले.